मदत हवी आहे: क्रॉल स्पेससाठी काँक्रीट ब्लॉकचा पाया

घर एकमजली, बाहेरून 36 × 24 फूट. घरातली जमीन लाकडी जॉइस्टवर (आडव्या तुळयांवर), खाली रांगत जाता येईल एवढी मोकळी जागा, म्हणजे क्रॉल स्पेस. भिंत 8 इंची पोकळ ब्लॉकची, 5 थरांची. माती घट्ट मुरमाड, पण पावसात पाणी उताराने घराकडेच येतं. प्रश्न तीन: फुटिंग (भिंतीखालचा काँक्रीटचा रुंद पट्टा) किती रुंद घ्यावं, ब्लॉक किती लागतील आणि आत ओल येऊ नये म्हणून काय करावं?

प्रतिसाद: ओळंबा

एकमजली हलक्या घराला आणि अशा मातीला फुटिंग 16 इंच रुंद, 8 इंच जाड पुरतं. माती मऊ निघाली तर रुंदी वाढवा. थंडीत जमीन गोठत असेल तर फुटिंगचा तळ त्या खोलीच्याही खाली हवा. लांबीने 12 मिमीच्या दोन सळया टाका, मातीच्या बाजूला सळईवर 75 मिमी काँक्रीटचं कव्हर ठेवा. भिंतीखालच्या फुटिंगला साधारण 3 घनमीटर काँक्रीट लागेल, जॉइस्टना मध्ये आधार देणाऱ्या खांबांचं वेगळं.

ब्लॉकचं माप सांध्यासकट 16 × 8 इंच धरतात, सांधा 10 मिमी. कोपरे दोनदा मोजायचे नाहीत, म्हणून एका थराला 88 आणि पाच थरांना 440. फुटतूट धरून 460 मागवा, त्यात कोपऱ्याचे आणि अर्धे ब्लॉक वेगळे सांगा. तुमची दोन्ही मापं 16 इंचांच्या पटीत आहेत, त्यामुळे कापाकापी जवळजवळ नाही.

सूत लावल्यावर दोन्ही कर्ण मोजा. 36 × 24 ला कर्ण 43 फूट 3¼ इंच यायला हवा. भिंतीत वर जाणाऱ्या उभ्या सळया फुटिंगमध्ये सोडण्याआधी ब्लॉकची पोकळी नेमकी कुठे येणार ते आखून घ्या. सळई ब्लॉकच्या दोन पोकळ्यांमधल्या आडव्या भिंतीसमोर आली की गवंडी ती वाकवतो, आणि वाकवलेली सळई कामाची राहत नाही.

प्रतिसाद: सांधेमोड

विटा भिजवतात तसे काँक्रीट ब्लॉक भिजवू नका. ओला ब्लॉक वाळताना आकसतो आणि भिंतीत जिन्यासारखी तिरकी चीर जाते. थप्पी झाकून ठेवा, रोजचं काम संपलं की भिंतीचा माथाही झाका.

पहिला थर पूर्ण मसाल्यावर बसवा आणि प्रत्येक ब्लॉकला लेव्हल लावा. इथला फरक वर सांध्यात लपवायला गेलं की सांधे कमीजास्त होतात. सांधेमोड (वरच्या थराचा सांधा खालच्या सांध्यावर न येऊ देणं) अर्ध्या ब्लॉकची, दर दुसऱ्या थराला तारेची शिडीसारखी जाळी. सळईच्या पोकळ्यांत ग्राउट, म्हणजे बारीक खडीचं पातळ काँक्रीट, ओता. जोडकामाचा मसाला खाली नीट उतरत नाही, मध्ये पोकळ राहतं.

शेवटचा थर भरीव करा, म्हणजे वाळवी आणि दमट हवा पोकळीतून वर येत नाही. त्यात 12 मिमीचे अँकर बोल्ट 7 इंच खोल, 6 फुटांच्या आत एक, आणि भिंतीच्या माथ्यावर बसणाऱ्या लाकडी पट्टीच्या प्रत्येक टोकापासून 12 इंचांच्या आत एक. पट्टी प्रक्रिया केलेल्या लाकडाचीच हवी.

प्रश्नकर्ता: धन्यवाद. भिंतीबाहेरचा मातीचा भराव भिंत झाल्या झाल्या करू का? क्रॉल स्पेसमध्ये हवेसाठी जाळ्या किती?

प्रतिसाद: ओळंबा

भराव इतक्यात नको. वर जॉइस्ट आणि तक्ते बसेपर्यंत भिंतीच्या माथ्याला आधार नसतो, ओल्या मातीच्या दाबाने ती आत झुकते. आधी बाहेरून गिलावा आणि वर डांबरी लेप. फुटिंगच्या बाजूला 4 इंची छिद्रांचा पाइप खडीत ठेवून भोवती जिओटेक्स्टाइल (माती अडवून पाणी जाऊ देणारं कापड) गुंडाळा. पाइप फुटिंगच्या तळाखाली नेऊ नका, फुटिंगखालची माती निसटते. पाणी घराकडे येतंय, तेव्हा वरच्या अंगाला चर काढाच आणि घरापासून 10 फुटांत 6 इंच उतार द्या.

जाळ्यांचं गणित: क्रॉल स्पेसच्या दर 150 चौरस फुटांना जाळीची 1 चौरस फूट मोकळी जागा, म्हणजे तुम्हाला सुमारे 6 चौरस फूट. प्रत्येक कोपऱ्याजवळ एक जाळी हवीच. पण दमट हवेत नुसत्या जाळ्यांनी उलट ओल आत येते आणि थंड लाकडावर दव धरतं. म्हणून क्रॉल स्पेसमधल्या मातीवर किमान 0.15 मिमी जाडीचं पॉलिथिन अंथरा, जोडावर 6 इंच चढवा, भिंतीवर 6 इंच वर नेऊन चिकटवा. जॉइस्टखाली 18 इंच मोकळी उंची आणि आत जायला 18 × 24 इंचांचं दार ठेवा.