नऊ वर्षांच्या वाचनवेड्या मुलीसाठी थोड्या भीतीच्या रहस्यकथा सुचवाव्यात

अबोली

नमस्कार. माझी मुलगी नऊ वर्षांची असून चौथीत शिकते. मराठी ती सहज वाचते. इंग्रजी थोडे अडखळत, परंतु चिकाटीने वाचते. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिने भा. रा. भागवत यांच्या फास्टर फेणेची हाती लागतील तेवढी पुस्तके संपवली. फुरसुंगीचा तो किडकिडीत बनेश तिला इतका आवडला की काही अडले की तिच्याही तोंडून ‘ट्टॉक’ निघू लागले. दिवाळीत आम्ही माझ्या माहेरी, देवगडजवळ गेलो होतो. तेथे तिच्या मामाने रात्री अंगणात मुंजाची गोष्ट सांगितली. त्यानंतर दोन रात्री ती दिवा लावून झोपली आणि तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच मामाला विचारले की त्या मुंजाचे पुढे काय झाले.

तेव्हापासून तिला ‘थोडी भीती वाटेल, पण कोडे सुटेल’ अशी पुस्तके हवी आहेत. हे शब्द तिचेच आहेत. तिची एक सवय सांगते, म्हणजे तिला कितपत झेपते याचा अंदाज येईल. भीतीचे पान आले की ती पुस्तक मिटते, त्यावर पाण्याने भरलेली बाटली ठेवते, स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन काही न बोलता उभी राहते आणि पाचेक मिनिटांनी परत जाऊन बाटली उचलते.

माझ्या हातून एक चूक झाली, तीही सांगायला हवी. कथा लहान आहेत एवढेच पाहून मी घरातला मोठ्यांच्या गूढकथांचा एक संग्रह तिच्या हाती दिला. त्यातील एका कथेत घरात वावरणारी आई ही खरी आई नसते. ती कथा वाचल्यापासून सात-आठ दिवस, मी पाठमोरी असले की ती मला हाक मारून वळायला लावत असे आणि माझा चेहरा नीट पाहून मगच आपल्या कामाला लागत असे. त्या दिवसांत मला फार अपराधी वाटले. पुन्हा तसे होऊ नये, पण भीतीच्या भयाने तिचे आवडते वाचनही बंद पडू नये, अशी माझी इच्छा आहे. पुस्तके सुचवावीत आणि ती निवडताना नेमके काय तपासावे हेही कृपया सांगावे.

पिंपळपान

अबोलीताई, मी तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले आणि वर्गातल्या पुस्तकांची पेटी शेवटपर्यंत माझ्याकडे होती. त्या अनुभवावरून सांगतो, तुमच्या मुलीला भुताने घाबरवलेले नाही. भूत पिंपळावर, पडक्या वाड्यात किंवा नदीपलीकडे असेल तर या वयाची मुले त्याच्या मागावर जायला तयार असतात, कारण कितीही भीती वाटली तरी परतायला घर असते. आईच्या चेहऱ्यावरचाच विश्वास उडाला, तर मूल पळून जाणार कुठे? त्यामुळे पुस्तक चाळताना भूत आहे की नाही यापेक्षा भीती कुठे राहते हे पाहावे. आई-वडील, अंथरूण, आरसा, रात्री प्यायचे पाणी अशा रोजच्या गोष्टींत शिरलेली भीती दहा-अकरा वर्षांपर्यंत तरी टाळावी. पुस्तक बंद केल्यावरही या गोष्टी मुलासमोर असतातच.

दुसरी गोष्ट शेवटाची. रस्किन बाँड यांची एक प्रसिद्ध छोटी कथा आहे. त्यात रात्री सिमल्याच्या पाइनच्या जंगलातून जाणाऱ्या शिक्षकाला चेहरा नसलेला मुलगा भेटतो. शिक्षक धावत पहारेकऱ्यापाशी पोहोचतो, तर त्यालाही चेहरा नसतो, आणि कथा तिथेच संपते. मोठ्या वाचकाला हा शेवट थरारून टाकतो, पण नऊ वर्षांच्या मुलीसाठी ते उघडे राहिलेले दार ठरते. बाँड यांनीच पिंपळ तोडल्यामुळे बेघर झालेल्या आणि मग माणसांच्या घरात राहायला येऊन खोड्या काढणाऱ्या प्रेताची गोष्टही लिहिली आहे, ती मात्र तिला खुशाल द्यावी. लेखकाचे नाव पाहून निवड करू नये, एकेक कथा वाचून करावी, हे यावरून आपल्या लक्षात येईल. मराठीत रत्नाकर मतकरी यांच्या गूढकथा मोठ्यांसाठीच आहेत, पण त्यांच्याच ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यातली चेटकीण पाहताना बालप्रेक्षक एकाच वेळी आईला बिलगतात आणि खदखदून हसतात. नारायण धारप सध्या वरच्या फळीवरच असू द्यावेत.

आता पुस्तकाचे नाव. सत्यजित राय यांच्या फेलूदा या गुप्तहेराच्या कथा अशोक जैन यांच्या अनुवादातून मराठीत आल्या आहेत आणि त्या रोहन प्रकाशनाने काढल्या आहेत. फेलूदाची पहिली कथा 1965 साली ‘संदेश’ या मुलांच्या मासिकात आली, म्हणजे हे लेखन मुळातच किशोर वाचकांसाठी आहे. ‘सोनार केल्ला’ या कथेत मुकुल नावाच्या लहान मुलाला मागच्या जन्मातला सोन्याचा किल्ला आठवतो आणि शोध कोलकात्याहून थेट जैसलमेरपर्यंत जातो. कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवरील जुन्या कबरस्तानात घडणारीही एक कथा आहे. तिथले वातावरण भीतीचे, पण कारस्थान माणसांचे, त्यामुळे तिला हवे तसे कोडे शेवटी सुटते. फेलूदा सिगारेट ओढतो आणि काही कथांत खून आहेत, म्हणून आपण एकदा आधी वाचून घ्यावे.

एक युक्ती मला माझ्या एका विद्यार्थिनीच्या आजीने शिकवली. रहस्यकथेचे प्रकरण नेहमी उत्कंठेच्या टोकावर संपवलेले असते, त्यामुळे ‘हे प्रकरण संपले की झोप’ असे सांगणे म्हणजे मुलाला नेमक्या कड्यावर उभे करून दिवा मालवणे होय. त्या आजी नातीला प्रकरणाच्या मध्यावर, पात्रे जेवत असताना किंवा प्रवासात गप्पा मारत असताना थांबवत असत. मी वर्गात मोठ्याने वाचन करताना तेच सुरू केले आणि रात्री झोप न आल्याच्या पालकांच्या तक्रारी जवळजवळ थांबल्या.

दर्यावर्दी

पिंपळपान सरांचे बहुतेक म्हणणे मला मान्य आहे, पण कोडे प्रत्येक वेळी पूर्ण सुटलेच पाहिजे याविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. माझी मुलगी आता चौदा वर्षांची आहे. तिला मी सुरुवातीला फक्त ‘भूत म्हणजे शेवटी तस्कर’ अशाच कथा दिल्या. पाच-सहा पुस्तकांनंतर ती पहिल्या वीस पानांतच तस्कर कोण हे ओळखू लागली आणि तिचा त्यातला रस गेला. भीतीचा एक लहानसा अंश शिल्लक राहिला तर मूल त्यावर विचार करत राहते. तुमच्या मुलीने मुंजाविषयी तिसऱ्या दिवशी विचारले ते त्यामुळेच, असे मला वाटते.

आमच्याकडे कोकणात चकव्याची गोष्ट सांगतात. माणूस रात्री ओळखीच्या वाटेने निघतो आणि पहाटेपर्यंत त्याच त्या आंब्याभोवती फिरत राहतो. उजाडल्यावर पाहतो तर घर हाकेच्या अंतरावर असते. यात कोणी मरत नाही, कोणी अंगावर येत नाही आणि माणूस सुखरूप घरी पोहोचतो. वाट का चुकली, एवढेच गूढ उरते. मी ही गोष्ट मुलीला सांगून वहीवर त्या वाटेचा नकाशा काढायला बसवले होते. अंधार, धुके, एकसारखी झाडे अशी कारणे तिनेच शोधून लिहिली आणि खाली ‘तरीपण’ असा शब्द लिहून पुढची जागा कोरी सोडली. ते पान मी अजून जपून ठेवले आहे.

विक्रम-वेताळाचाही विचार करावा. ‘चांदोबा’ वाचत वाढलेल्या आपल्या पिढीला खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार घेतलेल्या राजाचे ते चित्र आजही आठवते. ते के. सी. शिवशंकरन यांनी काढले होते. स्मशान आणि प्रेत असूनही मुले ही कथा सोसतात, कारण वेताळ दर वेळी राजाला कोडे घालतो आणि मूल घाबरायचे विसरून उत्तर शोधू लागते. मात्र मूळ वेताळपंचविशी आणावयाची असेल तर मुलांसाठी केलेली आवृत्तीच आणावी. मुळात शिरच्छेदाचे आणि स्त्री-पुरुष संबंधांचे प्रसंग आहेत.

शब्दवेल

दोन्ही प्रतिसाद वाचले. एक महत्त्वाची बाब राहिली आहे असे वाटते: वाचणारी मुलगी आहे, आणि फेलूदाच्या कथांत मुली जवळजवळ नाहीतच. शोध घेणारी मुलगी तिला लवकर भेटायला हवी. आम्ही न्यू जर्सीत राहतो. येथील ग्रंथालयातून माझ्या मुलीने आणलेले पहिले रहस्य नॅन्सी ड्रूचे होते. ही मालिका 1930 साली सुरू झाली. कॅरोलिन कीन हे टोपणनाव असून पहिली पुस्तके मिल्ड्रेड विर्ट बेन्सन यांनी लिहिली. दुसऱ्या पुस्तकात, म्हणजे ‘द हिडन स्टेअरकेस’मध्ये, जुन्या घरात रात्री आवाज येतात, वस्तू नाहीशा होतात, आणि नॅन्सी घाबरूनही त्याच घरात मुक्काम करून भिंतीआडची वाट शोधते. 1959 पासून या पुस्तकांच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. त्या आटोपशीर आहेत आणि जुन्या आवृत्त्यांतील वंशद्वेषी उल्लेख त्यांत काढलेले आहेत, म्हणून सुधारित आवृत्तीच घ्यावी.

इंग्रजी अजून अडखळत असेल तर त्याआधी एनिड ब्लायटन यांची ‘फेमस फाइव्ह’ मालिका सोपी पडेल. त्यात जॉर्जिना स्वतःला हट्टाने जॉर्ज म्हणवून घेते आणि भुयारात कोणाच्याही आधी उतरते. 1948 च्या ‘फाइव्ह गो ऑफ टु कॅम्प’मध्ये ओसाड माळावरच्या बंद रेल्वेमार्गावर रात्री भुताची गाडी धावते. माझ्या मुलीला ती भीती अगदी हवी तेवढी वाटली. दर्यावर्दी यांचा तस्करांविषयीचा आक्षेप या मालिकेला लागू पडतो, हे मान्य करते. पण पहिल्या सात-आठ पुस्तकांपर्यंत तरी मुले कंटाळत नाहीत.

मुखपृष्ठ आणि आतली चित्रे मात्र स्वतः पाहून घ्यावीत. शब्दांतले भूत मूल आपल्याला सोसेल तेवढेच मोठे करते, चित्रातले भूत दुसऱ्या कोणीतरी आधीच मोठे करून ठेवलेले असते. ध्वनिपुस्तकांच्या बाबतीतही तेच, कारण त्यात पान मिटून वर बाटली ठेवण्याची सोय नसते.

अबोली

आपणा सर्वांचे मनापासून आभार. भीती कुठे राहते हे पाहावे, हे सरांचे सांगणे मला सर्वांत उपयोगी पडले. त्या दृष्टीने घरातले कपाट पुन्हा पाहिले तेव्हा मी ‘निरुपद्रवी’ म्हणून बाजूला काढलेल्या दोन पुस्तकांत आरसा निघाला, आणि भुताचे नाव पाहून लपवलेले एक पुस्तक मात्र तिला देण्यासारखे निघाले.

फेलूदाची मागणी नोंदवली आहे. ते येईपर्यंत बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक संकेतस्थळावर उघडून आम्ही दोघी मिळून वाचत आहोत. 1971 पासूनचे अंक असल्यामुळे निवडायला भरपूर आहे. काल एका रहस्यकथेत मुले पडक्या बुरुजाखाली बसून दशम्या खात होती, तिथे मी ठरवून थांबले. तिला ते अजिबात पटले नाही, तिने बरीच हुज्जत घातली, पण दहा मिनिटांत दिवा न लावता झोपली. चकव्याची गोष्ट येत्या रविवारी सांगणार आहे आणि नकाशासाठी वहीही आणली आहे.

दर्यावर्दी, एक विचारायचे राहिले. तुमच्या मुलीने ‘तरीपण’च्या पुढची ती जागा नंतर कधी भरली का?

दर्यावर्दी

नाही, ताई. मध्यंतरी मी ते पान तिच्यासमोर ठेवले होते. तिने आंब्याच्या जागेवर बोट ठेवले, बराच वेळ पाहिले आणि वही मिटून माझ्या हातात परत दिली.