विषय: आईच्या अपघाताचा दावा – आकडा कसा धरायचा?

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात आईला (वय ६८, आमच्याकडे कॅलिफोर्नियात सहा महिन्यांसाठी आली आहे) रस्ता ओलांडताना झेब्रा क्रॉसिंगवर वळणाऱ्या गाडीची धडक बसली. उजव्या मनगटाचं हाड मोडलं, ऑपरेशन करून प्लेट बसवली. समोरच्याच्या विमा कंपनीतून सारखे फोन येतायत, सात हजार डॉलर घ्या आणि सही करा म्हणून. नेटवरच्या कॅल्क्युलेटरवर कुठे साठ हजार येतात, कुठे दोन लाख. खरा आकडा काढतात कसा? कुणाला माहिती असेल तर कृपया सांगा.

– श्रु.

---

उत्तर:

श्रु.ताई, सही मुळीच करू नका. तो कागद म्हणजे हक्कसोड. उद्या प्लेट काढायची वेळ आली तरी मग एक पैसाही मागता येणार नाही. आईंचं मनगट किती सुधारणार हे डॉक्टर सांगत नाहीत, तोवर आकडा धरण्यात अर्थ नाही.

मी बरीच वर्षं विमा दाव्यांच्या कामात काढली, म्हणून सविस्तर लिहितो. कॅल्क्युलेटर वैद्यकीय खर्चाला दीड ते पाचपर्यंत कशानेही गुणतात. हा गुणक कायद्यात कुठेही नाही. कॅलिफोर्नियात न्यायाधीश ज्युरीला ज्या सूचना देतात, त्यांत तर स्पष्टच आहे की वेदना आणि मनस्ताप यांची रक्कम ठरवायला ठरावीक मोजमाप नाही. म्हणजे पुरावा काय आहे, यावर सगळं अवलंबून.

खर्चाचा आकडाही बिलावरचा धरू नका. समजा रुग्णालयाने ४८ हजारांचं बिल लावलं आणि आईंच्या स्वतःच्या विमा कंपनीकडून १४ हजार घेऊन हिशेब मिटवला, तर साधारणपणे १४ हजारच मोजले जातात. २०११ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हॉवेल खटल्यात हे ठरवून दिलंय.

आई निवृत्त, त्यामुळे बुडालेला पगार नाही. मग त्यांचा दावा उभा राहतो तो रोजच्या जगण्यावर. वेणी घालता येत नाही, डब्याचं झाकण उघडत नाही, रात्री हात उशीवर ठेवूनच झोपावं लागतं. हे तारखेनिशी वहीत लिहून ठेवा, आईंच्याच शब्दांत. ‘खूप दुखतं’ या वाक्याला किंमत मिळत नाही, ‘मंगळवारी कपडे पिळता आले नाहीत’ याला मिळते. हाडं आधीच ठिसूळ होती असं कंपनी म्हणेल. म्हणू दे. नाजूक प्रकृतीच्या माणसाला जास्त इजा झाली, तरी ती भरून देण्याची जबाबदारी धडक देणाऱ्याचीच. आईंची थोडी चूक ठरली तर तेवढ्या टक्क्यांनी रक्कम कापली जाते, पण दावा बुडत नाही.

आता सगळ्यात कडू गोष्ट. दावा लाखाचा असला तरी चालकाची पॉलिसी केवढ्याची आहे ते बघावं लागतं. १ जानेवारी २०२५पासून इथे एका जखमी माणसामागे किमान मर्यादा ३० हजार डॉलर झाली, आधी ती १५ हजारच होती. चालकाकडे स्वतःची मालमत्ता नसेल तर त्यापुढचे पैसे हातात येणं कठीण. म्हणून तुमची स्वतःची कार पॉलिसीही काढून वाचा. धडक देणाऱ्याचा विमा अपुरा पडला तर त्यात आपल्याला जे संरक्षण असतं, ते घरात राहणाऱ्या नातेवाइकाला पायी चालतानाही लागू पडू शकतं. पाहुणी म्हणून आलेली आई त्यात बसते का, हे पॉलिसीच्या शब्दांवर ठरेल.

– वि.

---

उत्तर:

वि.दादांनी सगळं नेमकं सांगितलंय, माझी एकच भर. हातात काय उरतं ते आधी मांडून बघा. समजा ३० हजारांवर तडजोड झाली. वकिलाचा तिसरा हिस्सा, म्हणजे १० हजार गेले. आईंच्या प्रवासी विम्याने ८ हजार भरले असतील आणि ते परत मागण्याची अट पॉलिसीत असेल, तर तेही गेले. उरले १२, त्यातून कागदपत्रांचा खर्च. ही परतफेड कमी करून घेता येते, पण तडजोडीवर सही होण्याआधी त्या विमा कंपनीशी बोलायला हवं. आमच्या घरी वडिलांच्या वेळी ते बोलणं आधी झालं, म्हणून बरीच रक्कम वाचली.

मुदतही बघा. खटल्यासाठी साधारण दोन वर्षं असतात, पण गाडी सरकारी असेल तर सहा महिन्यांत लेखी दावा द्यावा लागतो. आई परत गेल्यावर तिकडे फिजिओथेरपी चालू राहिली, तर त्या पावत्याही जपून ठेवा.

– अ.

---

उत्तर:

दोघांचे मनापासून आभार. गाडी खासगीच होती. पोलीस अहवालाची प्रत मागवली आहे, आणि यापुढे फोन नको, जे काही आहे ते लेखी पाठवा, असं कंपनीला कळवलं. वही आईनेच डाव्या हाताने सुरू केली आहे. आमची कार पॉलिसी आज रात्री वाचते. आईशी मराठीत किंवा हिंदीत थेट बोलू शकेल असा अपघाताची प्रकरणं घेणारा वकील कुणाच्या माहितीत असेल, तर कृपया मला वेगळी मेल करा.

– श्रु.