मदत हवी आहे: खिडकी उघडायची की बंद ठेवायची?

ठाण्यात कासारवडवलीत घोडबंदर रोडलगत तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. 2021 मधल्या कोविडनंतर सासऱ्यांना फुफ्फुसांचा फायब्रोसिस (फुफ्फुसं कडक होऊन श्वासाला त्रास) आहे. हिवाळ्यात सकाळी धूळ-धूर खालीच कोंडतो. पीएम 2.5 म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांची आपली, भारतातली 24 तासांची मर्यादा घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम. आकडा त्यावर गेला की त्यांचा खोकला थांबत नाही, बघवत नाही. खिडक्या बंद ठेवल्या तर मुलीने शाळेतून आणलेली सर्दी आधी त्यांनाच गाठते.

इन्हेलर चालू, फ्लूची लस झालीय, बाहेर एन 95 लावतात. घर बदलणं तूर्त अशक्य. हेपा (बारीक कण गाळणाऱ्या फिल्टरचा) प्युरिफायर घेतोय, पण त्याने ताजी हवा येत नाही. 10 बाय 12 च्या खोलीला किती सीएडीआर (प्युरिफायर ठरावीक वेळात किती स्वच्छ हवा देतो तो आकडा) लागेल? आणि खिडकी केव्हा, किती वेळ उघडावी?