अमाल्फीचा किनारा: काय पाहिलंत, काय खाल्लंत? (अनुभव धागा)

घाटमाथा
परवा मंडईत पूजेच्या सामानात महाळुंग दिसलं. नखाने साल जराशी खरवडली आणि मनाने थेट अमाल्फीच्या बाजारात पोचले. तिथे ते जाड कापून, मीठ नाहीतर साखर लावून खातात, सालीखालच्या पांढऱ्या भागासकट.

इटलीत नेपल्सच्या दक्षिणेला पोझितानोपासून व्हिएत्रीपर्यंत डोंगर तडक समुद्रात उतरतो. सपाट जागाच नाही. म्हणून तिथल्या लोकांनी शेकडो वर्षं दगडावर दगड रचत ताली बांधल्या आणि त्यांवर लिंबं लावली. चेस्टनटच्या खांबांचे मांडव, थंडीत वरून काळी जाळी. १९९७ साली युनेस्कोने या किनाऱ्याला जागतिक वारसा म्हटलं, त्यात या मेहनतीचा मोठा वाटा आहे. फोटोत सगळे पोझितानोची रंगीत घरं दाखवतात, माझ्या डोक्यात मात्र ताली राहिल्यात.

जाऊन आलेल्यांनी लिहा, जाणाऱ्यांनी विचारा, बाकीच्यांनी नुसत्या गप्पा मारा.

भटकभवानी
पयली मी! त्या बसबद्दल लिहा की कुणीतरी. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला कठडा, आणि वळणावर समोरून दुसरी बस. भोंगा, इटालियनमध्ये जोरदार संवाद, मग कुणीतरी मागे सरकतं. सासूबाई सोरेंतोपासून रामरक्षा म्हणत होत्या. अमाल्फीला उतरल्यावर एकच वाक्य: "येताना होडी बघा."

अर्धीकच्ची
सासूबाईंना साष्टांग _/\_

नकाशेवाला
सोरेंतोहून अमाल्फीला जाताना उजवीकडे बसा, समुद्र त्या बाजूला. रामरक्षावाल्यांनी डावीकडे. तिकीट आधीच तंबाखू-वर्तमानपत्राच्या दुकानातून घेऊन ठेवा आणि बसमध्ये चढल्यावर मशिनवर शिक्का मारा. भाड्याची गाडी घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, गर्दीच्या दिवसांत तिथे सकाळी १० ते संध्याकाळी ६ गाड्यांना सम-विषम नंबरचा नियम असतो. आणि पार्किंग... जाऊ दे, सकाळी सकाळी मूड नको घालवायला.

गुडघे_जपून
देवांची वाट कुणी चालली का? डोंगरकड्यावरची पायवाट, इटालियनमध्ये सेंतिएरो देल्यी देई. बोमेरानोहून नोचेल्लेपर्यंत, त्या दिशेने उतार जास्त म्हणून सोपी. खाली पोझितानो, पुढे समुद्रात काप्री. मुलगा म्हणाला, "बाबा, हरिश्चंद्रगडापुढे काहीच नाही." त्याला म्हटलं, आता नोचेल्लेहून खाली उतर. दीड हजारावर पायऱ्या आहेत. खाली आल्यावर जिलातोच्या (इटालियन आइस्क्रीम) दुकानापर्यंत एक शब्द बोलला नाही.

मालवणी मसाला
सगळे लिंबांवर, आणि चेताराचं नाव कुणी घेणां नाय! छोटंसं मासेमाऱ्यांचं गाव. मांदेलीच्या कुळातली बारकी मासळी मिठात थरावर थर रचून लाकडी पिंपात दाबून ठेवतात, महिनोन्महिने. मग जो अर्क गळतो तो कोलातुरा. पूर्वी रोमन लोक गारुम करायचे, त्याच घराण्यातला. स्पगेटीवर चमचाभर, सोबत लसूण आणि तेल. नवरा तोंड फिरवून बसला होता, मी त्याचीपण प्लेट संपवली.

अर्धीकच्ची
आम्ही शाकाहारी :( उपाशी राहू का?

मालवणी मसाला
छे गं. पिझ्झा मारिनारा माग. नावात दर्या असला तरी मासा नसतो, चीजपण नाही. टोमॅटो, लसूण, ओरेगानो, बस्स.

काटेकोर
पार्मेजानमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध गोठवणारं विरजण) असतं, कडक शाकाहारींनी आधी विचारून घ्यावं.

भटकभवानी
काटेकोर, तुम्ही प्रत्येक धाग्यावर कुणाच्या ना कुणाच्या ताटातलं चीज काढून घेता =))

तेरणाकाठ
थोडं अवांतर, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. अमाल्फीला जाणारे बहुतेक जण पॉम्पेई करतातच. ते झालं की नेपल्सचं पुरातत्त्व संग्रहालय चुकवू नका. तिथे वीतभर उंचीची हस्तिदंती बाई आहे, भारतात घडलेली, पॉम्पेईच्या उत्खननात १९३८ साली सापडली. 'पॉम्पेई लक्ष्मी' म्हणतात, पण अनेक अभ्यासक यक्षी मानतात. म्हणजे इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटून पॉम्पेई गाडलं गेलं तेव्हा ती तिथल्या एका घरात होती. आणि तशाच धाटणीच्या हस्तिदंती मूर्ती आपल्याकडे सापडल्यात, जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि आमच्या तेरला! तेर म्हणजे जुनं तगर, रोमशी व्यापार करणारं गाव. लोकांना फक्त गोरोबाकाकांचं म्हणून माहीत. मी त्या काचेसमोर उभा राहून बायकोला सांगत होतो, ही आपल्या गावाकडची आहे. ती म्हणाली, हळू बोला, लोक बघतायत.

घाटमाथा
तेरणाकाठ, यावर स्वतंत्र लेख हवा. मनावर घ्या.

नकाशेवाला
वाचनखूण साठवली.

सुरांची_सवय
रावेल्लो राहिलंच की! वर डोंगरावर, गर्दीपासून लांब. १८८० साली जर्मन संगीतकार वाग्नर तिथे व्हिल्ला रुफोलोच्या बागेत आला आणि आपल्या ऑपेरातली जादूची बाग सापडली म्हणाला. त्याच बागेत उन्हाळ्यात समुद्राच्या अंगाला मंच बांधून मैफली होतात. आम्हाला तिकिटं मिळाली नाहीत, तालीम मात्र बाहेरच्या भिंतीला टेकून ऐकली, फुकट.

जाड_चष्मा
अमाल्फीत कागदाचं संग्रहालय बघा, जुन्या गिरणीत आहे. चिंध्या कुटून लगदा करायचे, तोही पाण्यावर चालणाऱ्या हातोड्यांनी. आमच्या मुलीने स्वतः एक कागद गाळला, अजून त्यावर काही लिहू देत नाही.

सोलापूर_ते_सालेर्नो
मेमध्ये आईबाबांना घेऊन जातोय. पोझितानोत राहू की सालेर्नोत? बाबांना पायऱ्या जमत नाहीत.

नकाशेवाला
आयडीतच उत्तर आहे राव. सालेर्नो. गाव सपाट, रेल्वे स्टेशनपासून धक्का चालत, तिथून अमाल्फी-पोझितानोला बोटी. बोटी उन्हाळी हंगामात असतात, समुद्र खवळला की रद्द होतात, तेव्हा एक दिवस हाताशी ठेवा. पोझितानोत बॅगा घेऊन चढायचं म्हणजे हमाल करावा लागतो.

गुडघे_जपून
बाबांचं वय काय? माझ्याकडे घडीच्या काठीची लिंक आहे, व्यक्तिगत निरोप करतो.