उरलेली लोकर एकत्र विणण्याआधी

उरलेल्या छोट्या गुंड्यांचे दोन-दोन पदर एकत्र धरून कानटोपीत संपवावेत, अशी एक सूचना वाचली, ती अगदी पटली. फक्त त्याआधी प्रत्येक गुंड्याचा बोटभर धागा चिमट्यात धरून जाळून बघा. खऱ्या लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. अ‍ॅक्रिलिक म्हणजे लोकरीसारखा दिसणारा कृत्रिम धागा; तो वितळून त्याचा कडक मणी होतो. दोन्ही एकाच टोपीत आले, की गरम पाण्यात लोकर आटते, अ‍ॅक्रिलिक तसंच राहतं आणि टोपीचा आकार जातो.

आपल्या नागपुरात जानेवारीत काही दिवस पहाटे पारा १० अंशांखाली उतरतो अन् दुपारी ऊन चटकतं. म्हणून गाडीवर जाणाऱ्यांसाठी मी टोपीपेक्षा कानपट्टी विणते. ५० ग्रॅमचा गुंडा पुरतो, दोन सुलट-दोन उलटची वीण कानावर घट्ट बसते, आणि ऊन तापलं की खिशात मावते.