एक भाडेकरू मुदतीआधी जात आहे: त्याच्या जागी दुसऱ्याला करारात घ्यावे की पोटभाड्याला संमती द्यावी?

नमस्कार. माझे घर तिघांनी मिळून १२ महिन्यांच्या कराराने भाड्याने घेतले आहे. करारावर तिघांच्याही सह्या असून पूर्ण भाड्याची जबाबदारी तिघांवर एकत्रितपणे आणि प्रत्येकावर स्वतंत्रपणेही आहे. मुदतीचे ७ महिने उरले असताना त्यांच्यापैकी एकाला नोकरीनिमित्त दुसरीकडे जावे लागत आहे. त्याने आपल्या जागी एक ओळखीचा माणूस सुचवला असून, तो आपला वाटा माझ्याकडे देईल आणि मी तो तुम्हाला पोहोचवीन, असे त्याचे म्हणणे आहे.

हे सरळसरळ पोटभाडे झाले. नवा माणूस माझ्या घरात राहील, पण माझ्याशी कोणत्याही कराराने बांधलेला नसेल. भाडे थकले किंवा काही मोडतोड झाली, तर मला थेट त्याला नव्हे, तर घर सोडून गेलेल्याला किंवा मागे राहिलेल्या दोघांना विचारावे लागेल. म्हणून पोटभाड्यापेक्षा पुरवणी करार करावा, जाणाऱ्याला ठरावीक तारखेपासून मोकळे करावे आणि नव्या व्यक्तीला मूळ करारातील सर्व अटी लागू कराव्यात, असे मला वाटते. पहिल्या तिघांकडून घेतली होती तीच कागदपत्रे, म्हणजे ओळखीचा पुरावा, उत्पन्नाचा पुरावा आणि आधीच्या घरमालकाचा अभिप्राय, त्याच्याकडूनही घेईन. जास्त काही मागणार नाही.

मला खरी काळजी मागे राहणाऱ्या दोघांची आहे. नव्या माणसाने भाडे थकवले, तर त्याचा भार कराराप्रमाणे त्यांच्यावरही येणार, म्हणून त्यांच्या सहीशिवाय हा बदल करणे मला अन्यायाचे वाटते. एकाने होकार दिला आहे. दुसरा मात्र गप्प आहे, आणि त्याच्या गप्प बसण्याला संमती समजण्यास माझे मन तयार नाही.

सर्वांत अवघड गुंता अनामत रकमेचा आहे. ती तिघांनी एकत्र भरली होती आणि जाणारा आता आपला तिसरा हिस्सा मागत आहे. घर रिकामे झाल्याशिवाय नुकसानीचा पूर्ण हिशेब होत नाही, आणि हिस्सा आताच परत केला तर माझ्याकडील अनामत तेवढी कमी पडते. नव्या माणसाने तो हिस्सा परस्पर जाणाऱ्याला द्यावा, हा मार्ग सोपा आहे. परंतु तसे केल्यास कपाटाचे मोडलेले दार आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर गेलेला तडा यांचा भुर्दंड, तेव्हा घरात पाऊलही न ठेवलेल्या माणसाच्या माथी बसेल. त्यामुळे चौघांसमक्ष घराची पाहणी करून, छायाचित्रांसह यादी तयार करून तिच्यावर सर्वांच्या सह्या घ्याव्यात, असा माझा विचार आहे.

जाणाऱ्याच्या खोलीतील नुकसान त्याच्या हिश्श्यातून वजा करता येईल, पण ओट्यासारख्या सामाईक जागेतील नुकसानीचा त्याचा वाटा आताच कापावा, की तिघांकडून लेखी घेऊन तो हिशेब मुदतीअखेर करावा? तसेच जो गप्प आहे त्याने नकार दिला, तर जाणाऱ्याला दुसरी व्यक्ती सुचवण्यासाठी किती अवधी देणे रास्त ठरेल? असा बदल स्वतः हाताळलेल्या घरमालकांनी, आणि अशा वेळी मागे राहिलेल्या भाडेकरूंनीही, आपला अनुभव कृपया सांगावा. महिनाअखेरीपूर्वी मला चौघांनाही लेखी उत्तर द्यायचे आहे.