बस विजेवर, पण चार्ज कधी?

ई-बसवर एक आक्षेप घेतला जातो की कोळशाच्या विजेवर ती चालवणं म्हणजे धूर शहरातून उचलून वीजकेंद्रापाशी नेऊन सोडणं. आज ते बऱ्याच अंशी खरं आहे. पण बस दहा-बारा वर्षं धावते. आज घेतलेली डिझेल बस शेवटपर्यंत डिझेलच पिणार. ई-बसची वीज मात्र मधल्या काळात स्वच्छ होऊ शकते.

मला खरी अडचण वेळेची वाटते. बस डेपोत रात्री चार्ज होते, सौरऊर्जा मिळते दुपारी. कॅलिफोर्निया राज्याने २०१८ मध्ये नियम केला की २०२९ पासून तिथल्या सार्वजनिक परिवहन संस्थांची प्रत्येक नवी बस शून्य-उत्सर्जनाची हवी. त्याच राज्यात दुपारी सौरवीज इतकी जास्त होते की काही वेळा ती सोडून द्यावी लागते, आणि सूर्य मावळला की गॅसवरच्या केंद्रांची वीजनिर्मिती भराभर वाढवावी लागते.

दुपारी गर्दी ओसरल्यावर काही बस उभ्याच असतात, त्या तेव्हाच चार्ज कराव्यात. त्यासाठी डेपोजवळ पुरेशा क्षमतेचं वीज उपकेंद्र लागतं, आणि ते उभारायला बस यायच्या कितीतरी आधी सुरुवात करावी लागते. परिवहन आणि ऊर्जा खात्यांनी आपापले आराखडे वेगवेगळे केले (बहुधा तसंच होतं!) तर नव्या बस प्लगची वाट बघत उभ्या राहतील.